तिकीटबाईंचं झाड

२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. इकडे सर्व ठीक आहे, तिकडेही तसंच असणार. तुझा गुडघा आणि चिमणीचा खोकला, दोन्ही आता बरे असतील असं धरून चालतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तू नातीला घेऊन येणार हे वाचलं आणि घरात एकच धांदल उडाली. तुझ्या भावजयीने त्याच दुपारी सगळे पडदे उतरवले. अजून सहा आठवडे आहेत म्हटलं, तर म्हणते, "तुमच्या ताई आल्या की आधी पडद्याची कड उचलून बघतात." मी गप्प बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं कळतं.

दुकान बरं चाललंय. सगळीकडे आता आकडे दाखवणारे वजनकाटे आले, पण बिघडले की येतात माझ्याकडेच. परवा कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. "काटा खोटं बोलतो," म्हणाला. उघडून बघतो तर पाट्याखाली कणकेचा वाळका गोळा अडकलेला, दगडासारखा. दोन वर्षं हा पठ्ठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्त माल देत होता. वर मलाच विचारतो, "आधी कसं कळलं नाही?" मी म्हटलं, गिऱ्हाइकं तक्रार करत नव्हती ना, म्हणून.

चिमणीने काढलेलं चित्र मिळालं. पणजीचं झाड जांभळ्या खडूने छान गिरवलंय. तिकीट खिडकी तिने झाडाच्या बुंध्यालाच काढलीय आणि आत पणजीला बसवलंय, ते तर फारच आवडलं. दुकानात मोठ्या काट्याच्या वर चिकटवलंय. येणारा जाणारा विचारतो.

तू लिहिलंयस की आल्यावर दुसऱ्याच दिवशी बागेत जायचं, आईच्या झाडाखाली बसायचं, आणि बरोबर आणलेली ती शेंग चिमणीला झाडाशेजारी धरून दाखवायची. तुझी शेंग अजून दोरा गुंडाळून कपाटावर आहे हे वाचून बरं वाटलं. बागेचं म्हणशील तर सध्या तिथे बरीच कामं काढलीत. पाइप टाकतायत, वाटा उखडल्यात. तुझ्या गुडघ्याला झेपेल का हा प्रश्नच आहे. आपण काचघरापर्यंत जाऊ, तळ्यातली मोठी पानं चिमणीला दाखवू आणि परत फिरू. झाड काय, झाडच आहे. ठीक आहे. यंदा बहर जरा कमीच दिसेल असं वाटतं.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
बारक्या


७ मार्च, संध्याकाळ

ताई,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. वरचं तू वाचलं असशील. ते टाकायला मी टपालपेटीपर्यंत गेलो होतो. पाकीट अर्धं आत घातलं, बाहेर काढलं, खिशात ठेवलं आणि घरी आलो. दहा दिवस ते शर्टाच्या खिशात फिरलं, म्हणून असं चुरगळलंय. ते फाडून टाकणार होतो, पण मुद्दाम पाठवतोय. मी तुला कसं लिहितो ते तुला एकदा नीट दिसू दे.

त्यातला बेकरीवाला खरा, पडदे खरे, चिमणीचं चित्र खरं. बागेबद्दलचं एक अक्षरही खरं नाही. पाइप नाहीत, उखडलेल्या वाटा नाहीत.

आईचं झाड नाही. चार वर्षांपूर्वीच्या वादळात ते पडलं.

हे वाक्य लिहिल्यावर उठून पाणी पिऊन आलो. फोनवर सांगता आलं असतं, पण मला माझी खोड माहीत आहे. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आपोआप "सगळं ठीक" बाहेर पडतं. कागदाला निदान आवाज नसतो.

तुला आठवत असेल, त्या वर्षी भावजी गेले. त्यांना जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि इकडे वादळ झालं. पाचव्या दिवशी मी बागेत गेलो तर जागेवर फक्त बुंध्याचा खुंट आणि भुसा. मुळं आतून कुजली होती म्हणे. तुला त्या महिन्यात काय लिहायचं? नवरा गेला, आता आईचं झाडही गेलं, असं? म्हटलं, दोन महिने जाऊ देत. दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं: "बारक्या, यंदा झाड फुललं का? एक फोटो पाठव, घर फार सुनं झालंय." आणि मी फोटो पाठवला.

आता हे ऐक, आणि हातात कपबशी असेल तर आधी खाली ठेव. गेली चार वर्षं तू ज्या झाडाचे फोटो बैठकीच्या खोलीत लावतेस, ज्याच्यापुढे उभं राहून तू आईशी बोलतेस असं लिहिलं होतंस, ते झाड थोरल्या माळ्यांचं आहे.

हो, तेच. आईच्या जन्माचे वैरी. स्वतःच्या पाहुण्यांना मागच्या फाटकातून बिनतिकीट आत सोडणारे, आणि आई वहीत प्रत्येकाची नोंद ठेवायची म्हणून तिला "खिडकीतली फौजदारीण" म्हणणारे. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली, म्हणून बागेच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी शेजारी शेजारी झाडं लावली. दोन्ही नीलमोहर, कारण एकाने निवडला म्हटल्यावर दुसऱ्याने का मागे हटायचं? खड्डा खणतानाही दोघं भांडली होती, ऊन कुणाच्या वाट्याला जास्त येतं यावरून. फोटो काढताना मी एवढंच बघायचो की पाटी चौकटीत येऊ नये.

एक मात्र सांगतो. पडता पडता आईच्या झाडाने त्यांच्या झाडाची एक मोठी फांदी मोडलीच. अजून दिसते ती जखम.

हसलीस का? नसशील हसली. पुढचं लिहितो.

तू येणार म्हटल्यावर माझ्या पाचावर धारण बसली. फोटोत पाटी लपते, पण तुला त्या झाडापुढे उभी केली की तू पहिली पाटीच वाचणार. म्हणून मी एक उद्योग केला. दुकानात वजनांवर आकडे ठोकायचे माझे ठसे आहेतच. पितळेचा एक पत्रा कापला आणि त्यावर ठोकलं: क्रमांक ३११८, नीलमोहर, लागवड: तिकीट खिडकी. पाटी नवी कोरी दिसू नये म्हणून दोन दिवस उकळलेल्या चहात बुडवून ठेवली. तुझी भावजय म्हणाली, "हे काय शिजवताय?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं काम आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच भांडं उचलून दुकानात नेलं.

आणि आज सकाळी पाटी, तार आणि पक्कड पिशवीत घालून मी बागेत गेलो.

खिडकीत आता यंत्र आहे. एक मुलगी बसते, मान वर न करता बटण दाबते, तिकीट आपोआप बाहेर येतं. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तोंडात "दोन अर्धी" असंच आलं होतं. आपण दोघं रांगेत उभे असायचो आणि खिडकीत आपलीच आई, आठवतं? ओळखदेख नसल्यासारखी विचारायची, "किती?" तू म्हणायचीस, "दोन अर्धी." ती तिकिटं फाडायची, कोपरा दुमडायची आणि म्हणायची, "पुढचे!" तुला तिचा किती राग यायचा. सगळ्या कामगारांची पोरं मागच्या फाटकाने आत जायची आणि आपण उन्हात रांगेत. मी आज "एक पूर्ण" म्हणालो आणि आत गेलो.

बाग आहे तशीच आहे, ताई. ताडांची ती लांब वाट, दोन्ही बाजूंनी सरळसोट. तळ्यात परातीएवढाली पानं, त्यांच्या कडा वर वळलेल्या. निवडुंगांच्या खोलीपाशी मी थबकलोच. पैज लावून मी त्या गोल निवडुंगाला मिठी मारली होती आणि तू आईच्या डोक्यातली पिन आणून तासभर एकेक काटा काढत बसली होतीस. आईला सांगितलं नाहीस. मला दटावलंस, "विचारलं तर म्हण पडलो." म्हणजे बघ, खोटं बोलायचं पहिलं शिक्षण कुणी दिलं ते. चेष्टा करतोय.

काचघरात शिरलो तसा चष्मा धुरकट झाला. आंधळ्यासारखा उभा राहिलो. वरून थेंब पडत होते, ओल्या मातीचा उबदार वास येत होता. चष्मा पुसला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. तिथेच ती निवृत्तांची रांग आहे. बागेतले लोक तिला "पेन्शनरांची रांग" म्हणतात. पंप चालवणाऱ्याचं झाड कललंय, हिशेबनिसाचं सरळ आहे, झाडूवाल्या मावशींच्या झाडाखाली सगळ्यांत जास्त पालापाचोळा. आणि आईच्या जागी नुसती हिरवळ. ती जागा माहीत नसेल तर कळणारही नाही.

मी इकडेतिकडे बघितलं. गुडघे टेकून थोरल्या माळ्यांच्या झाडाची पाटी पक्कडीने सोडवली, खिशात टाकली आणि आईची अडकवायला लागलो. एवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय हो काका?"

रोपवाटिकेतल्या बाई होत्या. चाळिशीच्या पुढच्या, पायात रबरी बूट, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मी म्हणालो, "काही नाही, पाटी सैल झाली होती." आणि एवढं बोलून पक्कड पायावर पाडली.

बाईंनी माझ्या हातातली पाटी घेतली. उलटीसुलटी करून बघितली, चक्क हुंगलीसुद्धा.

"चहा?"

मी मान हलवली.

"नंबर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "झाड चुकलंय."

मला वाटलं आता पहारेकऱ्याला बोलावतील. साठीला आलेला माणूस, ब्याण्णव किलो वजन, बागेतल्या पाटीच्या चोरीत सापडला. पण त्या काचघराच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा काय आहे ते." मी सांगितलं. तिकीटबाईंचा मुलगा म्हटल्यावर त्या जरा सरळ बसल्या. नोकरीला लागल्या त्या पहिल्या दिवशी ओळखपत्र विसरल्या होत्या, तर आईने त्यांना तिकीट काढल्याशिवाय आत सोडलं नव्हतं.

"चार वर्षं बहिणीला कळवलंच नाही?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

मी म्हटलं, "बाई, एकच दिवस. ती येऊन गेली की मी स्वतः काढून टाकतो. झाडाचं काय बिघडतं?"

"झाडाचं काही नाही बिघडत," बाई म्हणाल्या. "पण समजा तुम्ही विसरलात, मी बदलून गेले. दुसरं कुणी आलं, पाटी वाचून त्या झाडाचं बी गोळा केलं, त्यावर तोच नंबर घातला. मग त्या बियांची झाडं, त्या झाडांचं बी. पुढचे सगळे बिचारे खरं समजूनच लिहीत जाणार. आमच्याकडे अशा चुका निस्तरायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं, काका."

त्या काही मला बोल लावत नव्हत्या. त्यांच्या कामाचं सांगत होत्या. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

थोरल्या माळ्यांची पाटी मी माझ्या हाताने परत अडकवली. मग त्यांनी मला रोपवाटिकेच्या कचेरीत नेलं. एक लांबट खोली, मातीच्या कुंड्या, टेबलावर बियांची कागदी पाकिटं. त्यांनी एक खण ओढला. गेलेल्या झाडांच्या पाट्या त्यात ठेवतात, तारेत ओवून. त्यातून आईची खरी पाटी काढली आणि माझी तिच्याशेजारी ठेवली. माझे आकडे जास्त सरळ आले होते. त्याही परिस्थितीत मला ते दिसलं, हे तुला म्हणून सांगतो.

मग नोंदवही. ३११८ पुढे आईची सही, ठसठशीत, तिकिटांच्या हिशेबावर करायची तशी. त्याच्याखाली तांबड्या शाईने आडवी रेघ आणि वादळाची तारीख. मी त्या रेघेकडे बघत उभा होतो आणि बाई सहज म्हणाल्या, "याचं बी कुणी ठेवलं असतं तर नोंद पुढे गेली असती. त्याच झाडाच्या बियाचं रोप असलं की नंबर तोच चालतो, पुढे फक्त अ लावायचा. पण बागेत पन्नास नीलमोहर, याचं वेगळं बी कोण ठेवणार?"

मी खुर्चीवर बसलो, ताई. तुझ्या कपाटावर आहे ते.

बाईंना तुझ्या शेंगेबद्दल सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तू परत जायच्या आदल्या दिवशी झाडाखालून उचललीस, उकलून बी उडून जाऊ नये म्हणून दोरा गुंडाळलास, वगैरे. त्यांनी पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं. मग मान हलवत म्हणाल्या, "नऊ वर्षं म्हणजे फारच जुनं बी. मी लावून बघेन. शब्द देत नाही."

तिथून घरी चालत आलो. वाटेत एका बाकावर बसलो, कारण तुला जे लिहायचं ते झाडाचं नाही, हे मला तिथे कळून चुकलं. झाडाचं खोटं मी चार वर्षं बोललो. ज्याच्यावरून ते बोलायला शिकलो ते नऊ वर्षांचं आहे. आता ते लिहितो. मध्येच थांबलो तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

आई आजारी पडली तेव्हा भावजींचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. आई म्हणाली, "तिला कळवू नकोस. तिच्या डोक्याला आधीच ताप आहे." मी लिहिलं, आई ठीक आहे, जरा अशक्तपणा आहे. अशी चार पत्रं लिहिली. आईने सांगितलं म्हणून लिहिली, त्यात माझा दोष मी धरत नाही. मग तुझं पत्र आलं, भावजी घरी आले, जिनाही चढतात. ते मी आईला वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता बोलाव तिला."

मी तुला फोन केला तो त्यानंतर बाराव्या दिवशी.

बारा दिवस, ताई. कारण फोन केला असता तर आधीची चारही पत्रं खोटी होती हे पहिल्या वाक्यात सांगावं लागलं असतं, आणि तू रागावली असतीस. एवढंच कारण. मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही. मी तुला भ्यालो. रोज म्हणायचो, उद्या करतो. रोज वाटायचं, आज जरा बरी दिसते, चार दिवसांत हिंडायला लागेल, मग कशाला घाबरवायचं?

आई रोज सकाळी विचारायची, "निघाली का?" पहिले दोन-तीन दिवस मी म्हणालो, "तिकिटाचं बघतेय." मग एक दिवस म्हणालो, "निघाली." ते ऐकून तिने केस विंचरून मागितले.

तू पोचलीस तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते. दारातच तू विचारलंस, "माझी आठवण काढली का रे तिने?" मी म्हणालो, शेवटी शेवटी शुद्धच नव्हती. शुद्ध होती. शेवटच्या दिवसापर्यंत चांगली होती. शुद्ध होती म्हटलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास. तू तो विचारू नयेस म्हणून मी तुझ्यापासून तिचे शेवटचे बारा दिवस चोरले. लोकांच्या काट्यातली गुंजभर खोट मला बोटाला कळते आणि ही मी नऊ वर्षं छातीवर घेऊन हिंडलो. मला लाज वाटते. माफ कर असं लिहायचा हक्क आहे की नाही ते माहीत नाही, पण लिहितो. माफ कर.

पाकिटात एक तिकीट आहे, ते नीट बघ. निवृत्त होताना आईने जुन्या तिकिटांचं एक अर्धवट बुक मागून घेतलं होतं, ते तिच्या उशाशी असायचं. त्या बारा दिवसांतल्या सातव्या की आठव्या दिवशी तिने ते मला हातात द्यायला लावलं. एक तिकीट स्वतः फाडलं. बोटांत जोर नव्हता, पण कोपरा दुमडायला विसरली नाही. म्हणाली, "ती आली की दे. म्हणावं, या खेपेला रांगेत उभं राहायचं नाही."

मी ते तुला तेव्हा दिलं नाही. दिलं असतं तर तिची शुद्ध होती हे कळलं असतं. दुकानात दोन किलोच्या पितळी वजनाखाली नऊ वर्षं होतं, म्हणून इतकं सपाट झालंय. कोपरा उघडू नकोस, तो तिने दुमडलेला आहे.

तुझ्या भावजयीला आज जेवताना सगळं सांगितलं. तिला झाडाचं माहीत होतं. पहिल्याच फोटोत ओळखलं होतं म्हणे, मी कधी सांगतो याची वाट बघत होती. बारा दिवसांचं माहीत नव्हतं. ते ऐकून ती उठून खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "आजच लिहा. ताई इथे येऊन त्या हिरवळीपुढे उभ्या राहिल्यावर नको." म्हणून आजच लिहितोय. तू तिथे असताना, तुझ्या घरात, दार लावून तुला हवं तेवढं रडता येईल, मला हव्या तेवढ्या शिव्या देता येतील, आणि यायचं की नाही ते ठरवता येईल.

नाही आलीस तर मी समजेन. आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. खोली तुझीच आहे, पडदे धुतलेत. चिमणीला काय सांगायचं ते तू ठरव. माझं मत विचारशील तर खरं सांग, आमच्यासारखी सवय तिला नको.

आलीस तर शेंग आण. दोरा सोडू नकोस, बाई स्वतः सोडतील. त्यांनी कुंडी भरून ठेवलीय आणि तिच्यावर कोरी पाटी खोचलीय. रुजेलच असं मी लिहिणार नाही. रुजलं तरी फुलायला सात-आठ वर्षं लागतात, तेव्हा तू आणि मी कुठे असू ते सांगता येत नाही. तरी त्या नोंदवहीत तांबड्या रेघेखाली बोटभर जागा रिकामी आहे. मी नीट बघून आलो.

खाली सही करायच्या आधी मी नेहमी एक ओळ लिहितो, ती तुला पाठ असेल. आज तिच्या जागी आईचा निरोप लिहितो. बारा दिवस आणि वर नऊ वर्षं उशिरा पोचतोय, पण शब्द तिचेच आहेत.

ताई, आईने तुला बोलावलंय. ये.

तुझा,
बारक्या
(या वजनाच्या माणसाला या नावाने हाक मारणारी जगात तू एकटीच उरलीस. ती हाक बंद करू नकोस.)